हात धुवून ये

वसतिगृह,
९ जून

प्रिय आत्या,

पत्र पोचलं. चार पानं डेपोतल्या भांडणांवर आणि पोटावर दोन ओळी! "बेंबीपाशी लिंबाएवढं काहीतरी वर येतं, दाबलं की आत जातं, तू काळजी करू नकोस." असं लिहिल्यावर कोण काळजी करणार नाही? त्याला हर्निया म्हणतात. तुझा भाचा आता तिसऱ्या वर्षाला आहे, एवढं त्याला कळतं. दाबून आत घालायचा खेळ बंद कर. एक दिवस ते आत जाणार नाही आणि मग पळापळ होईल.

आम्हाला या महिन्यापासून वॉर्डात सोडलंय. पहिल्या दिवशी सरांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खाटेभोवती आम्हाला उभं केलं आणि म्हणाले, "पुस्तकात नाही, इथे शोधा." एकामागून एक आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पोटावर हात ठेवला. माझी पाळी आली, त्यांनी श्वास घेतला आणि यकृताची कड माझ्या बोटांना येऊन लागली. आत्या, कसं सांगू! आत कुणीतरी दार वाजवावं तसं. मी इतका हसलो की तेसुद्धा हसले. त्या दिवशी मी सोळा जणांची पोटं तपासली असतील. हात धुवायचं बेसिन वॉर्डाच्या पार त्या टोकाला आहे. तिकडे जावं तर सर इकडे पुढच्या खाटेवर पोचलेले असतात, मग जातंय कोण?

तू इथेच ये. सरांचा हात फार चांगला आहे. आणि मी आहेच.

तुझा,
बारक्या


डेपो, दुपारची सुट्टी,
१७ जून

डॉक्टरसाहेब,

"मी आहेच" म्हणे. तू आहेस म्हणूनच भीती वाटते.

चेष्टा राहू दे. डेपोच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. स्टिअरिंग वळवताना हल्ली पोटात ओढ लागते, वळण आलं की मी आधी श्वास धरते आणि मग बस वळवते. माझी कंडक्टर मागून ओरडते, "अहो, प्रवासी आहेत मागे, पोती नाहीत!" तिचं म्हणणं, घराजवळच्या छोट्या दवाखान्यात उरकून टाक, दोन दिवसांत घरी येशील, मी डबा देईन. इतकी वर्षं एका गाडीवर काढली, तिला वाटतं माझ्या पोटावरही तिचाच हक्क. मी म्हटलं, माझ्या घरातला डॉक्टर असताना परक्याकडे कशाला जाऊ? तर फुगून बसली आहे.

खरं सांगू? दादा-वहिनी गेल्यावर तुला माझ्या खोलीत आणलं तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि मला तुझ्या बुटांची नाडीही नीट बांधता येत नव्हती. आता तू मला सांगतोस दाबू नको, ये, मी आहेच. बरं वाटलं. रजा मंजूर झाली आहे, पुढच्या महिन्याच्या मधल्या आठवड्यात येते. कात्रीला मात्र तू हात लावायचा नाहीस.

आणि पत्रं थांबवू नकोस. फोनवर आपण "जेवलास का", "जेवलो" याच्या पुढे कधी गेलोच नाही.

तुझी,
आत्या


वसतिगृह,
२८ जून

प्रिय आत्या,

सगळं ठरलं. महिलांच्या सर्जरी वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळेल, सिस्टरांशी बोललोय. पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, तिथे सर जाळी बसवतील. फाटलेल्या खिशाला आतून अस्तर लावतात ना, तसं. जाळी आतच राहते, कायमची. तीन महिन्यांनी तू पुन्हा बसवर.

इथली एक गंमत. मायक्रोच्या, म्हणजे जंतूंचा विषय शिकवणाऱ्या, मॅडमनी मागच्या आठवड्यात आम्हाला वॉर्डाच्या दारात अडवलं आणि एकेकाची बोटं जेलीसारख्या थरावर दाबून घेतली. काचेच्या बशीत असतो तो थर, त्यावर जंतू वाढतात. दोन दिवसांनी बशा दाखवल्या. माझी सगळ्यांत देखणी निघाली! सोनेरी ठिपकेच ठिपके. मित्रांनी फोटो काढले, मला "बागाईतदार" नाव पडलंय. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तुमच्या हातावर, नाकात निवांत राहतात. तुम्हाला काही करत नाहीत. ज्याचं पोट उघडं आहे त्याला करतात. दोन खाटांच्या मध्ये हात धुवा." आम्ही "हो मॅडम" म्हटलं आणि चहाला गेलो.

येताना सैल कपडे आण. आणि कंडक्टर मावशींना सांग, डबा मी खाईन.

तुझा,
बागाईतदार


घर,
२ ऑगस्ट

प्रिय बारक्या,

घरी सुखरूप पोचले. जिना चढताना कंडक्टरने मला मागून असं धरलं होतं की जणू मी जिन्यावरून उडी मारणार आहे.

तू फोनवर विचारलंस, त्रास झाला का. ऑपरेशनचा नाही झाला. ते मला कळलंच नाही. पण तुझ्या त्या वर्गाचा झाला! सर म्हणाले, "बाई, मुलांना बघू द्याल का?" मी म्हटलं, बघू द्या, माझाही एक त्यांच्यातच आहे. मग काय, एक गेला की दुसरा. थंड हात, घामट हात, एकाच्या हातात अंगठी, ती टोचली. मी शेवटी म्हटलं, "पुढे सरका, मागचे आत या, एकेकाने तिकीट काढा." सरसुद्धा हसले. तुझा चेहरा लाल झाला होता, पण मला दिसलं की तुला आवडलंय.

आणि संध्याकाळी तू एकटा यायचास, पट्टी हळूच उचलून टाके बघायचास, मित्रांना बोलावून दाखवायचास. "बघा सरांची शिलाई." शेजारच्या खाटेवरची ती पायाच्या जखमेची बाई मला म्हणाली, "तुमचा मुलगा फार जीव लावतो हो." मी मुलगा नाही म्हटलं नाही.

टाके काढले. खालच्या बाजूला थोडं ओलं लागतं, पदराला डाग पडतो. होईल बरं.

तुझी,
आत्या


वसतिगृह,
८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

ओलं म्हणजे कसं, ते नीट लिही. पाण्यासारखं असेल तर घाबरायचं कारण नाही, जाळी बसवली की काही दिवस तसं पाणी येतं. पिवळं आहे का? वास येतो का? भोवती लाल, गरम लागतं का? ताप बघितलास का? सगळ्यांची उत्तरं लिही, गाळू नकोस.

वॉर्डात ठीक चाललंय. तुझ्या शेजारच्या बाई अजून आहेत. त्यांची जखम भरत नाहीये, त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत हलवलंय. त्यांनी तुझी आठवण काढली.

काही वाटलं तर लगेच ये. बाकी काही नाही, सहज लिहितोय.

तुझा,
बारक्या


चौकशी खिडकी, डेपो,
२५ ऑगस्ट

प्रिय बारक्या,

किती प्रश्न! परीक्षेला मी बसले आहे की तू?

पाण्यासारखंच आहे. आता थोडं घट्ट झालंय. ताप म्हणशील तर संध्याकाळी अंग कढत होतं, तेही रोज नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. मला इथे खिडकीवर बसवलंय, लोक विचारतात अमकी गाडी कधी, मी सांगते लागेल आता. माझी गाडी एक नवीन मुलगा चालवतो. ब्रेक असा मारतो की मला इथे बसून पोटात दुखतं.

कंडक्टर परवा जेवताना माझ्या शेजारून उठली आणि समोर जाऊन बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, वारा येतो तिकडून." वारा नव्हता. घरी येऊन मी साडी बदलली, पट्टी बदलली, मग मला स्वतःलाच तो वास आला.

तू येऊ नकोस, तुझी परीक्षा आहे. मीच येते पुढच्या महिन्यात दाखवायला.

आत्या


वसतिगृह,
३० सप्टेंबर

आत्या,

तू येऊन गेलीस तेव्हा सरांनी पू तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आलाय. फोनवर सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून जसं आहे तसं लिहितो.

जंतू जाळीवर बसलेत. जाळी म्हणजे निर्जीव वस्तू, तिच्यात रक्त जात नाही, औषध पोचत नाही. त्यात हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून घराजवळच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी काही झालं नाही. सर म्हणतात बहुतेक जाळी काढावी लागेल.

पुढचं सर सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. कोणत्या औषधाला जंतू मरतात, कोणत्याला मरत नाहीत, याचा प्रत्येकाचा नकाशा असतो. मॅडमनी नकाशे शेजारी शेजारी ठेवले. तुझा आणि पायाच्या जखमेच्या बाईंचा एकच निघाला. वॉर्डातल्या आणखी एकीचाही तोच. आणि मॅडमनी आमच्या जपून ठेवलेल्या बशांमधून दोन विद्यार्थ्यांचाही. त्यातली एक बशी माझी.

मी विचारलं, म्हणजे माझ्याकडून गेलं? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. तुझ्याकडून तुझ्या आत्याला, शेजारच्या बाईंकडून तिला, की तिसऱ्याच्या हातून दोघींना. नकाशा रस्ता सांगत नाही." मी म्हटलं, पण असू शकतं? त्या म्हणाल्या, "असू शकतं." मग त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

आत्या, काहीही लिही, पण लिही.

बारक्या


घर,
११ ऑक्टोबर

बारक्या,

पत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि बरेच दिवस त्याच्याकडे बघत होते. शिव्या देणारं एक पत्र लिहिलं, फाडलं. तुझी काही चूक नाही असंही एक लिहिलं, तेही फाडलं. दोन्ही खोटी होती.

मला एकच सांग. संध्याकाळी तू माझी पट्टी उचलायचास, तेव्हा हात धुवून यायचास का? हो की नाही?

तू उत्तर देण्याआधी मी माझं सांगते. एका संध्याकाळी तू शेजारच्या बाईंच्या खाटेशी होतास. सिस्टर त्यांच्या पायाची पट्टी बदलत होत्या आणि तू त्यांची टाच उचलून धरली होतीस. मग फोन वाजला, तो घेतलास, ठेवलास, आणि तसाच माझ्याकडे आलास. "बघू आत्या, कसं आहे आज." बरोबर तुझे दोन मित्र होते. मी सगळं बघितलं. माझ्या ओठावर आलं होतं, हात धुवून ये. लहानपणी रोज जेवणाआधी म्हणायचे, दहा वेळा म्हणायचे, तू फक्त नळ सोडून ओले हात दाखवायचास आणि मी परत पाठवायचे. पण त्या दिवशी तुझ्या गळ्यात ते यंत्र होतं, अंगावर पांढरा ऍप्रन होता. मित्रांसमोर तुला कसं म्हणू? वाटलं, तो डॉक्टर होतोय, त्याला माहीत असेल.

म्हणून गप्प बसले. पोट माझं, डोळे माझे, आणि गप्प बसले.

आता तू सांग.

आत्या


वसतिगृह,
१६ ऑक्टोबर

आत्या,

आठवत नाही.

हो म्हटलं तर खोटं, नाही म्हणता आलं असतं तर निदान खरं बोलून सुटका झाली असती. पण खरंच आठवत नाही. बाईंची टाच आठवते, हलकी होती. तुझे टाके आठवतात. मधलं काही नाही. नळाकडे गेलो असतो तर लक्षात राहिलं असतं, असं वाटतं. तेवढ्यावरून काय ते समज.

मॅडम आणि मी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे गेलो. म्हटलं, वॉर्डात प्रत्येक दोन खाटांमागे हात चोळायच्या औषधाची बाटली लावा, बेसिन मध्ये आणा, खाटांजवळच्या वर्गात मुलं हात धुवून येईपर्यंत सरांनी थांबायला हवं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, विषय महत्त्वाचा आहे. आठवड्याने भिंतीवर पोस्टर लागलं, हात धुण्याच्या पायऱ्यांचं, रंगीत. बेसिन आहे तिथेच आहे. बाटल्या आल्या, फोटो निघाले, बाटल्या संपल्या, रिकाम्या तशाच लटकताहेत. सरांना मी म्हटलं, सर, एक मिनिट, हात धुवून येतो. ते म्हणाले, "या सावकाश, पेशंट कुठे जात नाही." सगळे हसले. मी धुवून आलो तेव्हा ते पुढच्या खाटेवर होते. पुढच्या वेळी मी एकटाच गेलो, त्याच्या पुढच्या वेळीही एकटाच.

मी आता दिवसभर हात धुतो. कातडी फुटली आहे. मॅडमनी परवा माझी बोटं बघितली आणि म्हणाल्या, "फुटलेल्या कातडीत जंतू जास्त राहतात, थांबव हे." म्हणजे धुतले नाहीत तरी तेच, धुतले तरी तेच.

बाई गेल्या. कोपऱ्यातल्या खोलीतल्या. तुला सांगायचं नव्हतं.

जाळी काढायला ये. उशीर करू नकोस. इथे नको असेल तर तुझ्या गावात कर, पण कर.

बारक्या


घर,
२० जानेवारी

प्रिय बारक्या,

तू सुट्टी संपवून परत गेल्यापासून हे पत्र लिहायचं टाळते आहे.

जाळी इथे गावातल्या मोठ्या रुग्णालयात काढून घेतली हे बरंच केलं, तिथे नको होतं मला. जखम उघडीच आहे, आतून भरेल म्हणतात. हर्निया परत आलाय, आता लिंबाएवढा नाही, मुठीएवढा आहे. डेपोच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, गाडी चालवण्यास कायम अपात्र. माझ्या गाडीची एक चावी माझ्याकडे राहिली होती, ती कंडक्टरने नेऊन दिली. मला विचारलं नाही, मीही थांबवलं नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. नवीन आहे ते हे.

तू इथे होतास तेव्हा रोज ड्रेसिंग करायचास. पहाटेपासून नळाचा आवाज यायचा. तू हातमोजे घालायचास, ते काढून दुसरे घालायचास, मग माझ्याजवळ यायचास. आणि मी छताकडे बघायचं सोडून तुझ्या बोटांकडे बघत बसायचे. मला बघायचं नव्हतं रे. पण डोळे तिथेच जायचे, रस्त्यावर एखादं पोर आडवं येईल म्हणून जातात तसे. शेवटच्या दिवशी तुझ्या ते लक्षात आलं. तुझा हात हवेत थांबला. मग तू पट्टी बांधलीस, सैल बांधलीस, कारण तुला नीट हात लावायची भीती वाटली.

ज्या पोराचं नाक मी पुसलं त्याच्या हाताची मला भीती वाटते. हे मला सहन होत नाही.

म्हणून काही दिवस येऊ नकोस. राग नाही. पत्र लिही. फक्त वॉर्डाबद्दल लिहू नकोस, दुसरं काहीही लिही. मेसच्या आमटीबद्दल लिही.

तुझी,
आत्या


रुग्णालयाचं आवार, तुझ्याच गावात,
१४ मार्च

आत्या,

तू येऊ नको म्हटलंस आणि मी आलो. कंडक्टर मावशींचा फोन आला, ताप उतरत नाही, तुला भरती केलंय, तू मला कळवू नको म्हणालीस. मला राहवलं नाही. हे पत्र मी आवारातल्या बाकावर बसून लिहितोय, सिस्टरांकडे देऊन जाईन.

मी आत येणारच नव्हतो. वॉर्डाच्या दारातून बघून परत जायचं ठरवलं होतं. दाराच्या काचेतून तू दिसलीस. आत्या, तू एवढी बारीक कधी झालीस?

मग ते आले. सर पुढे, मुलंमुली मागे, पांढरे ऍप्रन, अगदी आमच्यासारखे. दोन खाटा करून तुझ्या खाटेशी थांबले. सरांनी काहीतरी विचारलं आणि तू मान हलवलीस. चादर तू स्वतः बाजूला केलीस. पट्टी उघडली. एकाने हात घातला, मग दुसऱ्याने. शेवटी एक मुलगी होती. तिने इकडेतिकडे बघितलं, बेसिन शोधत होती, मला कळलं. बेसिन लांब होतं. तिने हात ऍप्रनला पुसले.

मी दार ढकलून ओरडलो, "हात धुवा!"

सगळे वळले. सर म्हणाले, "आपण कोण?" मी म्हटलं, विद्यार्थी, तिसऱ्या वर्षाचा. कोणत्या कॉलेजचा ते सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्याकडे धुतात?"

शिपायाने माझा दंड धरला. दार बंद होताना त्या मुलीने तुझ्या पोटावर हात ठेवलेला दिसला, आणि तू तोंड भिंतीकडे वळवलंस. मला ओळख दाखवली नाहीस. बरोबर केलंस. एवढा तमाशा करणाऱ्याला कोण आपला म्हणेल?

डॉक्टर म्हणाले जंतू रक्तात गेलेत. याचा अर्थ मला माहीत आहे. नसता तर बरं झालं असतं.

परवा माझी परीक्षा आहे, सर्जरीची. पास होईन मी. सगळं पाठ आहे.

मेसची आमटी अजून पातळच आहे.

बारक्या


२९ मार्च

चि. बारक्या,

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझ्या आत्याला होती, मी बाजूला बसून तिची चेष्टा करायचे. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं.

तू त्या दिवशी आलास तेव्हाही सांगायचं होतं. डेपोतली एवढी माणसं होती, जमलं नाही.

तुझं ते आवारात बसून लिहिलेलं पत्र सिस्टरांनी दोन दिवसांनी माझ्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, डोळे उघडे ठेवायचीही ताकद नव्हती. मीच वाचून दाखवलं. तू लिहिलंस की तिने तोंड फिरवलं, ओळख दाखवली नाही. तसं काही नव्हतं रे. तिने तुला बघितलंच नव्हतं. तापात होती. म्हणाली, "कुणीतरी ओरडलं एवढं कळलं. मला वाटलं कोणाचं माणूस गेलं." ड्रेसिंग उघडलं की ती नेहमीच भिंतीकडे वळायची, मी रोज बघत होते.

मग विचारलंन, "तो आला होता? माझा?" मी म्हटलं, हो. तर माझ्यावरच चिडली. "मग आत का नाही घेतलंस? दारातून परत पाठवलंस?" मी म्हटलं, अगं, तूच येऊ नको लिहिलंस ना त्याला. तर म्हणाली, "लिहिलं असेल. आता बोलव त्याला."

मी लगेच फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. तू उचलला नाहीस. तिला म्हटलं, उचलत नाही ग. तर तीच म्हणाली, "वॉर्डात असेल. हल्ली तो फोन आत नेत नाही, जंतू लागतात म्हणतो. संध्याकाळी लाव." आणि बरं वाटल्यासारखी पडून राहिली. संध्याकाळपर्यंत तिची शुद्ध गेली होती. मग मी तुला फोनवर फक्त "लवकर ये" एवढंच म्हणू शकले, आणि तू निघालास, आणि गाडीत असतानाच ती गेली.

तुझी परीक्षा त्याच दिवशी होती ना? ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी फोन केलाच असता.

घरी आणल्यावर सगळे तिच्या पायाला हात लावत होते. तू दारापाशीच उभा राहिलास, हात मागे बांधून. मी म्हटलं, ये ना पुढे, तर मान हलवलीस. लोकांना वाटलं, शिकलेला पोरगा, कोरडा आहे. डेपोतला एकजण तसं बोललाही. मला तेव्हा कळलं नाही, नंतर तुझी सगळी पत्रं तिच्या उशाखाली सापडली, ती वाचली, तेव्हा कळलं. पण तोवर तिला नेलं होतं आणि तू परत गेला होतास.

तिने तुला बोलावलं होतं. हात लावायला काही हरकत नव्हती.

तुझी,
कंडक्टर मावशी